अंगी लागत नाही, एवढंच

१४ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय ताई,

घरी पोचल्याचं फोनवर सांगितलंच, तरी लिहितेय. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? ह्यांचा खोकला थांबला. तू शिवलेला कोट ऑफिसात भाव खाऊन गेला. काजं हातानं केलीत, हे कुणाला पटेना.

आता तुझ्यापासून लपवलेलं सांगते. वर्षभर मी थकत होते ती कामानं नव्हे. जीभ गुळगुळीत लाल झालेली, पायांना सतत मुंग्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पोटात दुर्बीण घातली.

जठरातल्या ज्या पेशी आम्ल तयार करतात, त्याच इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचा पदार्थ पाझरवतात म्हणे. तो अन्नातल्या बी-ट्वेल्व्हला धरतो, लहान आतड्याच्या पार टोकाला नेतो, आणि तिथे ते शरीरात शिरतं. इतकुसा स्राव, पण जन्मभर मुकाट्यानं राबतो. ऐकताना मी स्वतःचं दुखणंच विसरले. माझ्या शरीरानं त्या पेशींनाच शत्रू ठरवलं, ताई.

"म्हणजे तुमच्या अंगी लागत नाही, एवढंच," बाई म्हणाल्या.

मी आधी हसले, मग रडले. आई गेल्यावर हेच तू म्हणायचीस आणि दोष स्वतःच्या स्वयंपाकाला द्यायचीस. म्हणून तुला कळवायला जीभ रेटेना. तुझ्या जेवणात कधीच काही कमी नव्हतं. आता इंजेक्शनं घेते, ती पोटाला वळसा घालून जातात. मुंग्या जवळजवळ गेल्यात.

पण परवा तुझ्याकडे पाहिलं ते डोळ्यांपुढून हलत नाही. सुई बोटांतून पडली आणि तू नुसत्याच चिमटीनं टाका घालत राहिलीस. चप्पल पायातून निघाली, तेही तुला कळलं नाही. वर म्हणालीस, "वय झालं गं. दोन घास जास्त खाईन."

दोन घासांनी भागणार नाही. हा आजार घराण्यात चालतो. नसा फार दिवस उपाशी राहिल्या तर गेलेली जाण परत येईलच असं नाही. कापडाची उभी-आडवी वीण डोळे मिटून सांगणारी बोटं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत.

सोमवारी गाडी घेऊन येतेय. रक्त तपासायला देण्यापुरतं चल. जिन्यात हवं तितकं भांड, फक्त माझा हात सोडू नकोस.

तुझी, फार घाबरलेली,
धाकटी