आबांचा दाब

लोणावळा,
४ नोव्हेंबर १९६९

चि. दिगंबर यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. थंडी पडू लागली. आबांच्या पोटरीची सूज थोडी उतरली, पण रक्ताची गुठळी अजून आहेच, असं इथले डॉक्टर म्हणाले. रक्तदाबावर तू पाठवलेल्या सर्पगंधेच्या गोळ्या चालू आहेत. त्या घेऊन आबा दिवसभर पेंगतात, पेपर हातातून गळून पडतो.

तुझं पत्र मिळालं. पुन्हा तेच! 'आबांना राग येईल असं काही बोलू नकोस, दाब वाढेल.' दिगू, या घरात दाब कुणाचा आहे ते एकदा सांगशील? आबांचा निदान यंत्र लावून मोजता तरी येतो.

मागच्या दिवाळीत ओसरीवर बसून तूच ऐटीत सांगत होतास. तुमच्या मुंबईच्या रक्ताच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना अ‍ॅड्रेनलिन टोचता, रागाच्या वेळी अंगात सुटतं तेच. त्याने दाब चढतो, आणि रक्ताची गुठळीही एरवीपेक्षा लवकर विरघळते. मी विचारलं, "मग या गोळ्यांनी अंगातलं ते आटतं म्हणतोस, तर आबांच्या गुठळीचं काय?" तू हसून म्हणालास, "ताई, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही." ठाऊक नाही! मग माझ्या तोंडाला कुलूप घालताना एवढी खात्री कुठून आली?

होय, हनुमंतांबद्दलच लिहितेय. तू त्यांचं नावसुद्धा घेत नाहीस, 'तो विषय' म्हणतोस. परंदवडीच्या शेतकऱ्याचा मुलगा, खंडाळ्याच्या रेल्वे केबिनवर सिग्नल ओढणारा, आपल्या जातीचा नाही. माझी चाळिशी आली तरी माझ्याशी लग्नासाठी थांबलाय बिचारा माणूस. परवा एवढंच म्हणाले, "बाई, आबास्नी येकदा इचारा तरी. न्हाई म्हनले तर म्हनू द्या."

काल विचारलं. आबा भडकले. पेंग कुठच्या कुठे पळाली. पाण्याचं भांडं भिंतीवर आपटलं, मला नाही नाही ते बोलले. मी घाबरून डॉक्टरांना बोलावलं. दाब चढला होता, संध्याकाळी उतरला. ज्या बागुलबुवाला मी इतकी वर्षं भीत होते, तो आला आणि गेला.

मग आबाच म्हणाले, "लग्न करायचं होतं तर आधी का नाही बोललीस? दिगू म्हणायचा, ताईला लग्नाचं विचारू नका, तिला ते सोसत नाही, आजारी पडते. म्हणून मी गप्प बसलो."

मी कधी आजारी पडले रे? मला त्यांच्या तब्येतीची भीती घातलीस, त्यांना माझ्या! एका घरात राहून आम्ही एकमेकांना जपत बसलो, आणि तुला मुंबईत बसून आयती नर्स मिळाली. संताप होतोय माझा. तुझं तोंड पाहू नये असं वाटतं.

आबांना हे लग्न पसंत नाही. येणार नाही म्हणाले. पण थांब म्हणाले नाहीत. पुढच्या महिन्यात आम्ही नोंदणी करतोय, मग मी खंडाळ्याला राहायला जाईन.

आता तू लिहिशील, आबांकडे कोण बघणार? बघायला माणूस आहे. त्यांना रक्ताचा मुलगा आहे, शिवाय तो रक्ताचाच डॉक्टर आहे. त्याला बोलावून घे.

अनसूया