शटरवरचा पत्ता

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून कागदच बरा.

रस्ता रुंद करायला महिनाअखेरीस तुझं दुकान पाडणार हे कळल्यापासून चैन नाही. एक पाय आखूड असलेली ती माणसं वर्षातून एकदा बूट शिवून घ्यायला लांबून येतात, आणि आता येऊन खडी बघून परत जाणार. म्हणून नव्या जागेचा पत्ता सांगणारी वेबसाइट करतोय. पहिलं पान झालंसुद्धा. त्याचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे, दुकानावर लाव.

बुटांचे फोटो मात्र दिसत नाहीत, नुसत्या रिकाम्या चौकटी. विचारायला फोरम शोधतोय, म्हणजे नवशिके अडलेलं विचारतात आणि जाणते उत्तर देतात अशी जागा. पहिल्यावर 'आधी शोधून या' म्हणून हाकललं. दुसऱ्यावर सगळेच माझ्यासारखे, एकमेकांना शुभेच्छा देत बसलेले. तिसऱ्यावर कोणाचं तरी बोटींवरून भांडण चाललं होतं, ते वाचण्यात दुपार गेली. कोणता धरू?

लोभ आहेच, थोडा रागही चालेल.
तुझा,
भिंगरी

ता. ११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. कान पिळायचा राहिलाय, तो भेटीत.

तुझा पत्ता पेंटरकडून शटरवर लाल रंगात लिहून घेतला. आधी सी, मग दोन टिंबं, मग तिरक्या रेघा आणि मध्येच तुझं टोपणनाव. पेंटरला घाम फुटला. शेजारचा सलूनवाला म्हणतो, त्याच्या फोनवर उघडत नाही. पण त्याच्या फोनवर काहीच उघडत नाही.

फोरमचं मला काय कळणार. मी दुकान बरं की वाईट ते एकाच गोष्टीवरून ठरवते. लंगडत कोणी दारात आलं की आतले त्याच्या पायाकडे बघतात की तोंडाकडे. तिथे सगळ्यात बावळट प्रश्न कोणी विचारलाय ते शोध आणि त्याला काय उत्तर मिळालं ते वाच.

कोणालाच कळवणं झालेलं नाही रे. सगळी भिस्त तुझ्यावर.

मायेला खळ नाही. वेळेवर जेव.
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. आज मान खाली घालूनच लिहितोय.

तू सांगितलंस तसं शोधलं. एका फोरमवर कोणी विचारलं होतं, वेबसाइट केल्यावर कॉम्प्युटर बंद केला तर ती विझते का. कोणी हसलं नव्हतं. एका बाईंनी, पूर्वी बेकरीत होत्या त्या, अगदी पीठ चाळण्यापासून सुरुवात करावी तसं समजावलं होतं. मी तिथेच बसकण मारली. फोटोंचं विचारलं, सोबत आपला पत्ताही टाकला.

त्यांनी लिहिलं, की हा पत्ता तुमच्या कॉम्प्युटरच्या आतला आहे, घरातल्या कपाटाचा खण म्हणा. तुमच्याशिवाय जगात कोणालाच तो उघडणार नाही. पान अजून बाहेर पडलेलंच नाही.

शटर पुसून घे. सलूनवाल्याची माफी माग. बाई शिकवताहेत, खरा पत्ता लवकरच पाठवतो.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.
भिंगरी

ता. २७ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा शटरच नव्हतं. पाडायचं मशीन आठवडाभर आधीच येऊन थडकलं. सलूनही गेलं, समोरची रांगही गेली. विचारायलासुद्धा तिथे कोणी उरलं नाही. मी दोनदा पुठ्ठ्यावर नव्या जागेचा पत्ता लिहून ठेवला, दोन्ही वेळा मुकादमाने फेकून दिला. मी स्वतः तिथे जाऊन बसले तर शिवणार कोण?

परवा बसमधून त्या शाळेतल्या बाई दिसल्या. डावा पाय दोन बोटं आखूड आहे ना, त्या. खडीवर पिशवी धरून उभ्या होत्या. मी हाका मारल्या. पुढच्या थांब्यावर उतरून धावत मागे आले, तोवर गेल्या होत्या. त्यांच्या पायाचा लाकडी साचा माझ्याकडे आहे. कुठे कुरूप आहे, कुठे बोट वाकलंय, सगळं पाठ आहे. राहतात कुठे ते कधी विचारलंच नाही. त्या यायच्याच ना.

मला काही सुचत नाही. तुला सुचलं तर लिही.
ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

वेबसाइट आता खरोखरच बाहेर आहे, फोटोंसकट. अकरा जणांनी बघितली, सगळे फोरमवरचे. अकराही जणांचे पाय सारखे असावेत.

मग तिथेच विचारलं, ज्यांना आपला पत्ता ठाऊकच नाही त्यांना आणायचं कसं. एक म्हणाला, शोधात वर यायला महिने लागतात. दुसरा म्हणाला पत्रकं छापा, पण ती वाटायची कोणाला हे त्यालाही सुचेना. बेकरीच्या बाईंनी आधी सगळ्यांचं वाचून घेतलं. मग लिहिलं, की यावर आमच्याकडे उपाय नाही, तिथे कोणीतरी उभं राहायला हवं.

उद्याच्या बसने निघतोय. सकाळपासून अंधार पडेपर्यंत खडीवर उभा राहीन, मुकादमाने हाकललं तर पलीकडे. शाळेतल्या बाई परत येतील की नाही, देव जाणे. दुपारी डबा आणशील तेव्हा आधी लांबूनच बघ, मी जागेवर आहे ना. नसलो तर हाक मार, ओरडून. मला अजून ऐकू येतं.

उरलेला लोभ तिथेच, उभ्या उभ्या दे.
भिंगरी