बिनघंटीचा बैल

दादा, आज मांजरसुंब्याच्या फाट्यावर मी एका माणसाला थांबवलं. भर दुपारी तो बैल घेऊन चारा छावणीकडे चालला होता आणि बैलाच्या गळ्यात घंटी नव्हती. इकडे जनावरांच्या चोऱ्या वाढल्यात, चोर आधी घंटी काढतो. म्हणजे संशयाला कारण होतं. नव्या शिपायांना मी हेच शिकवते, की नुसता संशय येऊन भागत नाही, त्याचं कारण चारचौघांत सांगता आलं पाहिजे, आणि संशय फिटला की माणसाला सोडलं पाहिजे. शिकवताना दरवेळी तुम्ही मागच्या बाकावर येऊन बसता.

त्या दुष्काळात आपण दोघं बापलेक आपल्या सोन्या बैलाला सोसायटीच्या चारा छावणीत सोडायला निघालोय. मी कॉलेजात, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. याच फाट्यावर हवालदार आडवा येतो. "घंटी कुठंय बे?"

"घरी खुंटीला हाय, सायेब. छावणीला धाडताना आमी काढून ठिवतो. घंटी घरी असली की जनावर माघारी येतंच."

चहावाला ओरडून सांगतो, "वळखीचा हाय सायेब, बैल त्येचाच हाय." हवालदार मान हलवतो. एवढ्यावर संपायला हवं होतं. मग तो विचारतो, "कोन्या वस्तीवरचा?" तुम्ही आपली गावकुसाबाहेरची वस्ती सांगता आणि तो म्हणतो, "बस खाली."

सोन्याला त्याने लिंबाच्या सावलीत बांधलं. तुम्हाला उन्हात बसवलं. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले तेव्हा सुटलात. वाटेत म्हणालात, "त्येचं काय चुकलं न्हाई. घंटी आपनच काढली व्हती." मला तुमचा लई राग आला होता, दादा. हवालदारापेक्षा तुमचा. दुसऱ्याच दिवशी छावणीत जाऊन तुम्ही सोन्याच्या गळ्यात घंटी बांधलीत. सोन्या काही छावणीतून माघारी आला नाही. पुढे कितीतरी दिवस रिकाम्या खुंटीकडे बघत बसायचात.

आजचा माणूसही म्हणाला, "घंटी घरी खुंटीला हाय, म्याडम." फाट्यावरच्या हॉटेलवाल्याने ओळख दिली. मी लगेच सोडलं. तो पाठमोरा चालू लागला तेव्हा डावा पाय तुमच्यासारखाच जरा ओढत होता.

तुम्ही तर गेलात, आता हे कुणाच्या पत्त्यावर टाकू? एवढंच सांगते. नाव-गाव विचारायला कायद्याची आडकाठी नव्हती, शिपाई वही उघडून उभाच होता. मी विचारलं नाही. तो तुमचंच नाव सांगेल, अशी भीती वाटली.