पेन थांबलं की

७ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा लिफ्ट बंद! परीक्षा जवळ आल्या की या लिफ्टला ताप येतो. आणि आमचं अपंग विद्यार्थी सहाय्य केंद्र दुसऱ्या मजल्यावर — ज्याच्या सुपीक डोक्यातून ही कल्पना निघाली त्याला एकदा चाकाच्या खुर्चीत बसवून जिन्याखाली सोडून द्यायला हवं. सकाळभर मी खालीच टेबल टाकून बसले. दोन पोरांनी येऊन विचारलं, रोटी पार्सल कितीला?

दुपारी नव्या लेखनिकांचा वर्ग घेतला. ज्या मुलांना दिसत नाही किंवा हाताने लिहिता येत नाही त्यांचे पेपर हे लोक लिहिणार. माझं पुराण दरवर्षीचंच. मूल सांगेल तेच लिहायचं. चूक सांगितलं तर चूक लिहायचं. प्रश्न वाचताना आवाज सपाट. 'अरेरे' नाही, 'वा' नाही, सुस्कारा नाही. "तुम्ही माणूस नाही, फक्त हात आहात!" एकीने विचारलं, "शिंक आली तर?" म्हटलं, शिंका, पण बरोबर उत्तरावर आणि चुकीच्या उत्तरावर सारख्याच!

मागे प्रनील सर उभे. आमचे साहेब. "हिच्याकडे बघून शिका. पेपर लिहिताना विनियानाचा चेहरा म्हणजे फ्रीझरमधलं मटण." मी हे कौतुक समजले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

लोसा आली. लोसालिनी — कायद्याचं शेवटचं वर्ष. लहानपणीच दृष्टी गेली, जीभ मात्र दोन बायकांची मिळालीय. पहिल्या वर्षापासून हिचे सगळे पेपर मीच लिहिले. कॉम्प्युटरवर लिही म्हटलं तर म्हणते, "त्याला माझे विनोद कळत नाहीत." बाई नेहमी काठावर पास! आणि जूनमध्ये पुरावा कायद्यात चक्क नापास. आता नोव्हेंबरमध्ये तोच पेपर पुन्हा. सुटला, तर गावाकडे लंबासाला गरिबांना फुकट वकील देणाऱ्या ऑफिसात हिची जागा ठरलेली. राहिला, तर जागा दुसऱ्याला. ते थांबणार नाहीत, स्पष्ट सांगितलंय त्यांनी.

"आंटी, तूच लिहिणार ना?"

मी भुवया उडवल्या. इथे फिजीत 'हो' असंच म्हणतात, त्याला मी काय करू!

"भुवया उडवल्यास ना? मला ऐकू नाही आल्या."

१० ऑक्टोबर

फिजी डे. सुट्टी. लोवोतलं, जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं डुक्कर. जास्त खाल्लं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार



आज लोसाचा सराव पेपर घेतला. मी वाचायचं, तिने सांगायचं, मी लिहायचं. छान चाललं होतं. दोनतीनदा अर्ध्यावर म्हणाली, "थांब, खोड ते. उलटं लिही." मी खोडलं. तिचा हक्कच आहे तो.

मग कँटीनमधून उकडलेला कसावा कंद आणि टिनातला मासा आणला. मिरची जास्त. खाता खाता म्हणते, "आंटी, तुझं पेन आज फॉर्मात होतं हं!"

"पेन?"

"चुकीचं सांगितलं की थांबतं ना ते. एवढंसंच. करकर बंद. मग मी बदलते." आणि माझ्याकडे तोंड करून हसली. "तीन वर्षं तू मला सांभाळून घेतलंस. मी काय कृतघ्न आहे का, आज बोलून टाकलं."

पोरीला वाटत होतं मी मुद्दाम करते! मला तर पेन थांबतं हेच ठाऊक नव्हतं. चेहरा सांभाळला, श्वास सांभाळला, आणि पेनाने चुगली केली. मी म्हटलं, "लोसा, शप्पथ, मला माहीत नाही हे." तिने हातातला कसावा खाली ठेवला. मग काठी उचलली आणि निघून गेली. लोसा! खाणं अर्धं टाकून!

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळीच फोन. "आंटी, खरं सांग, पास कोण झालं? मी की तू?"

काय सांगू? "तूच," म्हटलं.

"तुला काय माहीत!" आणि फोन ठेवला.

फार वाईट वाटतंय. पोरीने रात्रंदिवस टेप ऐकून अभ्यास केला, आणि आता तिला वाटतंय सगळं उसनं होतं. आणि इथे कोण वाचणार आहे म्हणून लिहिते — लाज वाटतेच आहे, पण आत कुठेतरी थोडं बरंही वाटलं. कायद्याचं एक पुस्तक न उघडता मी एक वकील घडवत होते की! टीव्हीवरचे खटले बघून का होईना, मला कळतं थोडंफार.

साहेबांना सांगावं का? सांगितलं तर लोसाचे मागचे पेपर धोक्यात. नाही सांगितलं तर परवाच्या वर्गात त्या नव्या लेखनिकांपुढे कोणत्या तोंडाने पुराण सांगू?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मी विचारच करत बसले आणि लोसा स्वतःच साहेबांकडे गेली! पांढरी काठी टकटकवत थेट त्यांच्या टेबलापर्यंत. मग मलाही आत बोलावलं.

"सर, मला दुसरी लेखनिक हवी. आंटीचं पेन मला उत्तरं सांगतं."

प्रनील सर आधी हसले. "पेन थांबलं म्हणून गुन्हा? माझं तर दर मीटिंगमध्ये थांबतं."

"सर, उद्या कोर्टात मी उभी राहीन तेव्हा आंटी येणार आहे का पेन घेऊन?"

मग नाही हसले. परीक्षा विभागाला कळवलं. तिकडून उत्तर आलं ते त्यांच्या नेहमीच्या गोड भाषेत: लेखनिक बदला. नव्या लेखनिकाकडून गुण घसरले, तर या विद्यार्थिनीचे जुने पेपरही चौकशीला काढू.

म्हणजे आता नुसता एक पेपर नाही. तिची तीन वर्षं पणाला लागली. मी बाहेर तिला म्हटलं, "कशाला बोललीस गं? तुझं तूच ओढवून घेतलंस."

"आंटी, वकील व्हायचंय मला. सुरुवातच लपवण्याने करू?"



२२ ऑक्टोबर

नवी लेखनिक मिळाली. सुलुएती — कोर्टात टायपिस्ट होती, आता रिटायर झालीय. खुनाच्या कबुलीजबाबापासून नवराबायकोच्या भांडणापर्यंत सगळं ऐकलंय आणि हात एकदाही अडखळला नाही, असं ती स्वतःच सांगते. परवा सरावाला बसवून बघितली. भिंत आहे भिंत! मला थोडा मत्सर वाटला.

५ नोव्हेंबर, बुधवार

पेपर झाला.

मी खोलीबाहेर बाकावर. पाऊस आमच्या सुवा शहराला साजेसा — आतलं काही ऐकू येईना. आणि ऐकून तरी काय करणार होते! प्रनील सर दोनदा चहा घेऊन आले. दुसऱ्यांदा म्हणाले, "विनियाना, चेहऱ्यावर बर्फ ठेव. मटण वितळतंय."

लोसा बाहेर आली ती घामाने भिजलेली. "कसा गेला?"

"काय माहीत! ती बाई म्हणजे नुसती करकर. बरोबर बोलले तरी तेच, चुकीचं बोलले तरी तेच. पहिल्यांदा वाटलं मी खोलीत एकटीच आहे." मग म्हणाली, "एकही उत्तर बदललं नाही, आंटी. बदलावं असं सांगायलाच कोणी नव्हतं."

मला रडू आलं. तिने कोपर धरलं माझं, आणि जिना मला तिनेच उतरवला — लिफ्ट बंद होती, अर्थात.

१९ नोव्हेंबर

निकाल नाही. लोसा लंबासाला घरी गेली. मी कपाट आवरलं. पुन्हा आवरलं.

३ डिसेंबर, बुधवार

निकाल! लोसा पास — आणि काठावर नाही, वर्गात पहिली! जुने पेपर काढायचा प्रश्नच उरला नाही. साहेबांनी माझ्या टेबलावर केक आणून ठेवला.

मग तिचा फोन आला. हसत होती. "आंटी, जूनचा प्रश्न आठवतो? पोलिसांनी मारून घेतलेली कबुली? या वेळी तसाच आला होता. जूनमध्ये मी पहिल्यांदा बरोबरच सांगितलं होतं गं — असली कबुली चालत नाही. तुझं पेन थांबलं, आणि मी बदललं. आणि तो एकच नव्हता!"

थांबलं असेल. मला वाटलं असेल, चोर स्वतःच कबूल झालाय, आता आणखी काय हवं!

म्हणजे तीन वर्षं ती बरोबर उत्तरं खोडत होती. माझ्यावर विश्वास ठेवून. जूनमध्ये तिला मी नापास केलं.

केक तसाच आहे. शनिवारच्या बोटीने लंबासाला जाते, यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन, मानाची भेट म्हणून. तिच्या आईवडिलांपुढे खाली बसून माफी मागायची. आमच्यात अशी माफी रिकाम्या हाताने मागत नाहीत, आणि फोनवर तर नाहीच. लोसा म्हणते, कशाला येतेस, वेडी आहेस का. मी जाणार.