तांदळातली चिठ्ठी

कुंदाताई,

तू मोर्णेच्या घाटावर गेलीस अन् मले थांबायले वेळ नाही. ही चिठ्ठी तुझ्या तांब्याखाली ठेवून राहिलो. तू बाहेर बसलीस, तोवर इथं दादा शिवत नाही. कालची मात्र मी सवयीनं तांदळाच्या डब्यात टाकली. तुले स्वयंपाकघर बंद आहे, हे ध्यानातच आलं नाही. भात दादानं लावला.

चिठ्ठीत सारंच होतं. नऊ वर्षांपूर्वी अमरावतीले ज्या सिनेमातले दोन दोस्त पाहून मी रडलो, अन् घरी येऊन तुले माझं खरं सांगितलं, तो इथं पुन्हा लागला. माझा भगवंत अंजनगावहून येऊन राहिला, उद्या आमी तीनचा खेळ पाहू, असं नावानिशी लिहिलं होतं.

दादा रागावला नाही. जेवताना आग्रहानं तूप वाढलं अन् म्हणाला, "भगवंतले घरी काहून नाही आणत?"

भगवंतले मोटारस्टँडवरूनच परत पाठवायले चाललो. तुले काही माहीत नाही, एवढंच सांग.

आज दादा पूजा न करताच बाहेर गेला. देव पारोसेच आहेत, अन् दारामागची काठी जागेवर नाही.

कमलाकांत