चाळीसपैकी चाळीस

रविवार, चौदा तारीख
सकाळचे नऊ, चहा झालेला

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. जावईबापूंचा खांदा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, व्यायाम स्वतः करायचा असतो, बायकोकडून करून घ्यायचा नसतो. माझे गुडघे जसे होते तसेच. खालच्या मजल्यावरच्या सुताराने नवं यंत्र आणलंय, त्यामुळे माझ्या दुपारच्या झोपेचं खोबरं झालंय.

नऊ वर्षं आपण एकमेकींना गुडघे, औषधं आणि हवापाणी एवढंच लिहीत आलो. संस्थेचं नाव तू काढलं नाहीस, मीही काढलं नाही. आज काढणार आहे. पत्र शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

संस्था बरी चालली आहे. तू होतीस तेव्हा डेटा सायन्सचा आपला एकच वर्ग होता, आता सतरा शाळांत आहेत. मुलं मोजतात, रकाने भरतात, आलेख काढतात आणि मग त्याच आलेखाला उलटसुलट प्रश्न विचारतात. आम्ही विश्वस्त पाच जण. अध्यक्ष मीच. दातांचे डॉक्टर आणि हवामान खात्यातून निवृत्त झालेले काका हे तुझ्या वेळचेच. शिवणकाम करणाऱ्या बाई आणि एक मुख्याध्यापिका नंतर आल्या. शिवणवाल्या बाईंनी आल्या आल्या एक नियम काढला: मुलांना जो गृहपाठ, तोच विश्वस्तांना, आणि तपासणार मुलं. फार मजा येते. डॉक्टरांना एकदा ‘आळस केला आहे’ असा शेरा मिळाला, तो त्यांनी दवाखान्यात लावून ठेवलाय.

यंदाचा गृहपाठ होता, तीस दिवस रोज किती वेळा मोठ्याने हसलो ते लिहायचं. माझे पहिले चार दिवस नीट गेले, मग विसरले. तपासणीच्या दिवशी सकाळी चहा घेता घेता उरलेल्या सव्वीस चौकटी एका दमात भरून टाकल्या. चार, पाच, पाच, चार.

माझी वही गेली सातवीतल्या दोन वेण्यांच्या एका मुलीकडे. तिने ती बराच वेळ पाहिली आणि हळूच विचारलं, “आजी, महिनाभरात एक दिवससुद्धा तुम्हाला खूप हसू आलं नाही? आणि एक दिवससुद्धा राग आला नाही?”

मी म्हटलं, विसरले गं, म्हणून चार दिवसांची सरासरी धरून लिहिलं.

“आम्ही विसरलो की ‘विसरलो’ असं लिहितो,” ती म्हणाली.

एवढंच. मग तिने मला नवी वही दिली आणि पुन्हा तीस दिवस. घरी येईपर्यंत माझे कान गरम होते, कारण माझा हात सरासरीकडे जायची ही पहिली वेळ नव्हती.

पहिली वेळ तुला माहीत आहे. पहिल्या वर्षी वर्गातल्या चाळीस मुलांपैकी अकरा जणांनी शेवटची चाचणी दिलीच नव्हती. तू आणलेल्या तक्त्यात त्यांच्या चौकटी रिकाम्या होत्या, आणि अहवाल छपाईला जायचा होता. मी त्या अकराही चौकटींत वर्गाची सरासरी घातली. त्याने सरासरी तसूभरही हलत नाही, मग बिघडलं काय, अशी स्वतःची समजूत घातली. अहवालात छापलं, ‘चाळीसपैकी चाळीस मुलं शेवटपर्यंत टिकली.’ पुढे त्या पानाची फ्रेम करून कचेरीत लावली. तू बैठकीत विचारलंस, हे अकरा आकडे कुठून आले? आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, घोळ तुझ्याच कागदांत असेल. तू कचेरीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्यास आणि गेलीस. मागून हाक मारायला हवी होती. नाही मारली.

या महिन्यात ती जुनी फाइल काढली. तुझा तक्ता मी कधी नीट पाहिलाच नव्हता गं. प्रत्येक रिकाम्या चौकटीशेजारी तू पेन्सिलीने बारीक अक्षरात कारण लिहिलंयस. ‘ताप.’ ‘मामाकडे राहायला गेली.’ ‘चष्मा फुटला, फळा दिसत नाही.’ ‘कंटाळा येतो म्हणाला, खरं बोलला.’ आणि एकापुढे, ‘मोठ्या बाई फार ओरडतात.’ मोठ्या बाई म्हणजे मी. इतकी हसले की सुतार वर येऊन काय झालं विचारून गेला. त्या दिवशीच्या चौकटीत नऊ आहेत. नंतर बराच वेळ रडले, त्याला वहीत रकाना नाही.

परवा बैठक झाली. मी सगळं सांगितलं आणि राजीनामा पुढे ठेवला. काका म्हणाले, “चूक सांगणारीला एकदा घालवलंय आपण. पुन्हा नको.” त्यांनी राजीनाम्याची घडी करून तो माझ्या पर्समध्ये टाकला. डॉक्टरांनी स्टुलावर चढून फ्रेम उतरवली. आता तिथे दुरुस्ती लावायची आहे: चाळीसपैकी एकोणतीस, आणि खाली तुझी अकरा कारणं, मुलांच्या नावांशिवाय. तेच सतराही शाळांना जाईल. तक्ता जिने केला तिची सही हवी, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मसुदा सोबत ठेवलाय. सही टपालाने पाठवलीस तरी चालेल. पण दोन वेण्यांना तुला बघायचंय, आणि मलाही.

परवापासून मन इतकं हलकं आहे की गुडघेसुद्धा कमी दुखतायत. जे सगळ्यांदेखत बोलले ते सगळ्यांदेखत परत घेतलं. तुझ्यापुढे तेवढं राहिलं होतं, ते लिहिते. घोळ तुझ्या कागदांत नव्हता, भिंगरी. मी खोटं बोलले होते.

तुझी,
फार ओरडणारी
ताई