ब्रेक का करकरतात ते कळलं

बाबा,

गाडी ठोकळ्यांवर उभी आहे, पुढची दोन्ही चाकं काढलीत. तिला हात लावू नका. मी ब्रेकचे नवे पॅड आणायला गेलेय.

धुळीने करकरतात, असं तुम्ही म्हणालात म्हणून आधी सगळं घासूनपुसून घेतलं. आवाज तसाच! मग मला चैन पडेना, चाकंच खोलली. अहो, उन्हाळ्यात बसवलेले पॅड झिजून कागदासारखे झालेत. एकाच बाजूचे असते तर काहीतरी अडकलंय म्हटलं असतं. पण दोन्हीकडचे सारखेच झिजलेत. म्हणजे दोष गाडीचा नाही, पायाचा. मोकळ्या रस्त्यावरही तुमचा पाय ब्रेकवरच असतो. का, ते काही केल्या कळेना.

शेवटी छकुलीला विचारलं. म्हणाली, "आजोबा मला सगळ्या पाट्या मोठ्याने वाचायला लावतात. सिग्नल लाल की हिरवा, तेही मीच सांगते." आणि मी खुळी, नातीचा अभ्यास घेतात म्हणून तुमचं कौतुक करत होते!

संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. गाडी मी चालवेन. छकुली घरीच राहील. तिथला तक्ता तुमचा तुम्हालाच वाचायचाय.